रोममध्ये स्टुडंट बजेटमध्ये काय बघायचं

पहिलं म्हणजे तारीख बघून जा. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम, पँथिऑन वगैरे सरकारी ठिकाणं फ्री असतात, व्हॅटिकन म्युझियम मात्र शेवटच्या रविवारी आणि तेही सकाळीच, त्यामुळे लाईनीत लवकर लागा. सरकारी ठिकाणी १८ ते २५ वयाला २ युरोत तिकीट ही सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांना आहे, आपला पासपोर्ट भारतीय असेल तर तिथल्या कॉलेजचं आयडी दाखवून ती मिळेल असं धरून चालू नका.

पण खरं सांगू, मला सगळ्यात जास्त भिडलं ते फुकटातलंच. पियाझा नावोना या चौकाजवळ सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे, आत काराव्हाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराची सेंट मॅथ्यूवरची ३ चित्रं आहेत, जिथे रंगवून लावली त्याच चॅपलमध्ये अजून आहेत, अंधार असतो, मशीनमध्ये नाणं टाकलं की लाईट लागतो आणि अंगावर काटाच येतो!! सुट्टी नाणी जवळ ठेवाच. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी बॅगेत असू द्या.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या नासोनी नळांना मस्त गार पाणी असतं. कॉफी काउंटरला उभं राहूनच प्या, टेबलावर बसलात की बऱ्याच ठिकाणी रेट वाढतो.