हाताने बनवलेली स्पोर्ट्स कार ऑर्डर करताना काय बघायचं

बापलेक किंवा दोघं भाऊ मिळून चालवतात अशा छोट्या वर्कशॉपमधून गाडी घ्यायची तर ती अंगाच्या मापाने शिवून घेतल्यासारखी घ्यायची, म्हणून अॅडव्हान्स द्यायच्या आधी स्वतः जा आणि चकाचक तयार गाडी नको, अर्धवट गाडी दाखवा म्हणा. उघडी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, दिसली की ट्यूबच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवा, वेल्ड सलग हवं, आणि कुठे घासून सपाट केलेलं दिसलं तर का घासलं ते विचारा कारण घासल्याने जोड कमजोर होऊ शकतो.

बॉडीखाली काय आहे तेही विचारा. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नची मॉर्गन ही गाड्यांची कंपनी १९०९ पासून पार २०१९ पर्यंत घरच्यांच्याच ताब्यात होती, तिची चासी लाकडाची असते असं बरेच जण छातीठोक सांगतात पण लाकूड असतं ते बॉडीच्या फ्रेमला, अॅश झाडाचं, चासी धातूचीच. नेदरलँड्सचे डोंकरव्होर्ट १९७८ पासून गाड्या बनवतायत, आता मुलगा बघतो, पण इंजिन मोठ्या कंपनीचं, बरीच वर्षं ऑडीचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, इंजिन, ब्रेक, बेअरिंग कुठल्या मोठ्या कंपनीचे आहेत त्याची पार्ट नंबरसकट यादी लिहून घ्या, उद्या वर्कशॉप बंद पडलं तरी गाडी चालू राहील.

आता सीट, इथे अजिबात घाई करू नका. रेसिंगसाठी सीट अंगाच्या मापाची करताना दोन केमिकल मिसळून पिशवीत ओततात आणि तुम्ही त्यावर बसायचं, फोम फुगत पाठीखाली भरत जातो, चांगलाच गरम लागतो, आणि घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. हेल्मेट आणि रेसचेच शूज घालून बसा, हात स्टीअरिंगवर, पाय पेडलवर, क्लच पूर्ण दाबून बघा. मी पहिल्या वेळी मध्येच जरा खाली घसरलो, फोम तसाच घट्ट झाला आणि वीस मिनिटं गाडी चालवली की कंबर भरून यायची, शेवटी सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. फोम झाल्यावरच रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारा डोक्यामागचा दांडा, बघा, हेल्मेट बारच्या टोकापेक्षा निदान दोन इंच खाली पाहिजे, आधी मोजून उपयोग नाही.

कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकावर येणारं वजन, लावताना पण तुम्ही सीटवर हवेत, नाहीतर तुमच्या वजनाइतकी पोती तरी ठेवायला लावा, एवढ्या हलक्या गाडीत ड्रायव्हरच्या वजनाने गणित बदलतं. रस्त्यावर चालवायची असेल तर पासिंग कोण करून देणार ते लेखी घ्या, ब्रिटनमध्ये अशा एकेकट्या गाडीला आयव्हीए टेस्ट (एकेका गाडीची मंजुरीची तपासणी) द्यावी लागते.

गाडी घरी आली की पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे नटबोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे किती घट्ट ते मोजणाऱ्या पान्याने, परत तपासा, तपासलेल्या नटवरून खालच्या धातूपर्यंत पेंट मार्करने सरळ रेघ ओढा, पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली की समजा नट फिरलाय.