तुरीतल्या माशीचे फोटो काढायला निघताना

गेल्या हिवाळ्यात नान्नजकडच्या एका तुरीत मी एका राखी माशीचे चाळीसेक फोटो काढले, सगळे वरून. जाणकारांना पाठवले तर त्यांनी एवढंच विचारलं, 'बाजूने आहे का एखादा?' नव्हता. शेताचे मालक विचारत होते, फवारू का थांबू? जिची पिल्लं तुरीच्या शेंगा खाणाऱ्या घाटेअळीला आतून खातात ती टॅकिनिड माशी ही असेल तर 'थांबा' म्हणायचं होतं. ठामपणे म्हणता आलं नाही. अजून खुपतं ते.

चार्जिंग, पाणी, टोपी सांगायला नकोच. क्लिपवाली मॅक्रो लेन्स घ्या आणि आलेख कागदाचा तुकडा. त्यातली बारीक चौकट १ मिमीची, शेजारी धरला की माशीची लांबी कळते. जा मात्र सकाळी लवकर. थंडीत माशी सुस्त असते. आपल्याकडचं ऊन एकदा चढलं की ती हाती लागत नाही, लागली तरी अंग इतकं चकाकतं की केस दिसत नाहीत.

आता बाजूचा फोटो. वरून टॅकिनिड आणि मांसमाशी सारख्याच वाटतात: दोन्ही राखी, दोन्हींच्या पाठीवर काळे पट्टे. पाठीच्या टोकाला छोटी त्रिकोणी ढाल असते. टॅकिनिडमध्ये तिच्या खाली आणखी एक ठळक फुगवटा असतो, मांसमाशीत तसा नसतो. वरून तो ढालीखाली झाकला जातो, मग चाळीस फोटो काढा नाहीतर चारशे. पंखातली वाकलेली शीर बघून ठरवू नका, ती घरमाशीतही वाकते. पोटावरचे राठ केस चांगली खूण, पण तेवढ्यावर भागत नाही. मोबाइल माशीच्या उंचीला आणा, ढेकळांत आडवं पडावं लागलं तरी पडा. पहिला फोटो बाजूचाच. वरचा आणि चेहऱ्याचा नंतर, कारण दुसऱ्या फोटोपर्यंत ती थांबेल याची खात्री नाही. बाजूचा आधी!

घाटेअळीच्या अंगावर पांढरं टिंब दिसलं तर ते माशीचं अंडं असू शकतं. ती अळी शेंगांसकट बरणीत ठेवा, तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. माशी निघाल्यावर तांबूस कोषाचं टरफल फेकू नका, त्याच्या टोकावरूनही ओळख पटते. तारीख, गाव, पीक लिहा. लेन्स पुसा. आणि बरणीतल्या माशीचाही फोटो, बाजूने.