मेपल सिरप घरी करताना या चुका टाळा

परसात शुगर मेपल, म्हणजे ज्याच्या खोडातला गोडसर रस आटवून हे सिरप करतात ते झाड असलं, की ओंटारियो-व्हरमाँटकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींचे हात फेब्रुवारी सरता सरता शिवशिवू लागतात. रस काढणं अवघड नाही. सिरप बिघडतं ते बहुतेक वेळा तापमानाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, तेही शेवटच्या टप्प्यावर.

आधी झाडाचं पाहू. खोडाचा व्यास २५-३० सेंमीपेक्षा कमी असेल तर त्याला हात लावू नका. भोक ८ मिमी रुंद, ४-५ सेंमी खोल आणि आत जाताना किंचित वर चढणारं हवं. गेल्या वर्षीच्या भोकाच्या वर-खाली पुन्हा ड्रिल लावणं ही फार मोठी चूक. जखमेभोवतीचं लाकूड झाड आतून कायमचं बंद करून टाकतं, तिथून रस येत नाही. ड्रिलमधून फिकट भुसा पडला तर जागा बरोबर. तपकिरी पडला तर चुकली.

रस थांबला म्हणून दुसरं भोक पाडायला धावू नका, हवामान बघा. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असा चढउतार लागतो. थंडीत लाकडातला वायू आक्रसतो आणि झाड पाणी ओढून घेतं. दिवसा बर्फ वितळून वायू प्रसरण पावतो आणि दाबाने रस बाहेर येतो. सलग गारठा किंवा सलग ऊब, दोन्हींत भोकात बसवलेली तोटी कोरडीच राहते.

जमलेला रस उन्हात ठेवू नका. जिवाणू त्यातल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात, आणि असा रस उकळताना जास्त काळवंडतो. थंड ठेवा, लवकर आटवा.

तेही घराबाहेर. रसात साखर साधारण २ टक्केच असते. ८६ ला त्या टक्केवारीने भागलं की एक लिटर सिरपला किती लिटर रस लागेल ते कळतं, म्हणजे इथे ४३. एवढी वाफ स्वयंपाकघरात सोडली तर भिंती चिकट होतात.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला पाक बोटांनी, एकतारी-दोनतारी बघायची सवय. इथे ती फसवते. सिरप पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा ४ अंश सेल्सियस वर तयार होतं आणि तेव्हा त्यात ६६-६७ टक्के साखर असते. पण पाणी रोज बरोबर १०० अंशांना उकळत नाही; हवेचा दाब उतरला की तेही आधीच उकळतं. म्हणून १०४ हा आकडा धरून बसू नका. त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने आधी साधं पाणी उकळून पाहा. सिरप पातळ राहिलं तर आंबतं. त्याला पुन्हा आच द्या. जास्त आटलं तर बाटलीच्या तळाशी खडे धरतात. थोडा रस घालून गरम करा. भांड्यात तीनेक सेंमी तरी रस राहू द्या. एकदा करपलं की उपाय नाही. फेस उतू जायला लागला तर लोण्याचा एक थेंब पुरतो.

तळाशी रवाळ गाळ दिसला तर घाबरू नका, तो मुख्यतः कॅल्शियम मॅलेट असतो. सिरप गरम असतानाच जाड लोकरी कापडातून गाळा, गार झाल्यावर ते उतरत नाही. बाटल्या ८२ ते ८५ अंशांना भरा, नाहीतर बुरशी धरेल.

फांद्यांवरच्या कळ्या फुगल्या की मात्र हंगाम संपवा. त्या रसाच्या सिरपला येणारी वाईट चव कितीही आटवलं तरी जात नाही. तोट्या काढून घ्या आणि भोकं बुजवू नका, झाड ती आपली आपण भरून काढतं.