दारूबंदीच्या गावात सुधाकर

बडोद्यातल्या हौशी मंडळींनी 'एकच प्याला' बसवायला घेतलं आणि त्यातला दारूपायी बुडणारा वकील सुधाकर माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी प्यालेला माणूस धड जवळून पाहिलेलाही नव्हता. गुजरातेत दारूबंदी, पिणारे पितात ते दार लावून. त्यातून या नाटकाचा पहिला प्रयोग आपल्याच गावातला, २० फेब्रुवारी १९१९चा. नाटककार राम गणेश गडकरी त्याआधी महिनाभर गेलेले, सुधाकरची बायको सिंधू बालगंधर्वांची. दांडिया बाजारात कुणापाशी नाटकाचं नाव काढलं की 'तुम्ही करणार?' हे ठरलेलं. मनावर घेऊ नका.

पहिल्या तालमीत मी झोकांड्या खाल्ल्या. सगळे हसले, मला वाटलं जमलं. दिग्दर्शक काका म्हणाले, ''हे तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात चालेल. तू वकील आहेस ना? उपरणं काढ आणि खुंटीला लाव.'' लावलं. ''आता खुंटी चुकव. कुणी पाहिलं नाही ना, बघ. मग परत लाव.'' आठ दिवस मी तेवढंच करत होतो. शुद्धीत असल्याचं दाखवायला माणूस किती धडपडतो, ते त्या खुंटीपाशी कळलं. सुधाकरला पहिला पेला चवीसाठी लागलेला नाही, भर कोर्टात झालेला अपमान विसरायला लागलाय. त्याला दारूच्या नादी लावणारा तळीराम नेमकी तीच वेळ गाठतो. म्हणून नुसती आपली वाक्यं पाठ करू नका, नाटक पुरतं वाचा.

पाठांतर मात्र जीव काढतं. गडकऱ्यांचं वाक्य संपता संपत नाही. श्वास कुठे घ्यायचा त्या खुणा पेन्सिलीने करा. मी गुजराती माध्यमातला, त्यामुळे संवाद गुजराती लिपीत उतरवून घेतले. लिपीने घात केला नाही, जिभेने केला. 'माझा'मधला झ 'झाड'सारखा यायला हवा, माझा 'झेंडा'सारखा यायचा. मावशीने पोळ्या लाटता लाटता तो घासून घेतला.

पेल्यात थंड कोरा चहा, बिनसाखरेचा. साखरेने घसा चिकटतो. कोल्ड्रिंक तर नकोच. ऐन स्वगतात मला ढेकर आला होता.

शेवटच्या प्रयोगानंतर एक आजी रंगपटात आल्या. माझ्याशी काही न बोलता टेबलावरचा पेला उचलून त्यांनी हुंगला.

''चहाच आहे ना रे?''