ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर माल विकताना या चुका टाळा

घरगुती फराळ असो, साड्या असोत की मसाले, पहिलं गिऱ्हाईक ओळखीतलंच मिळतं. पण दुकानदाराला सहज म्हणता येतं ते ‘नको’ मैत्रिणीला किंवा काकूंना म्हणणं जड जातं. मग लोक काही न बोलता तुमचं चॅट म्यूट करतात आणि ऑर्डर का थांबल्या, हे तुम्हाला कळत नाही.

सर्वात जास्त नुकसान होतं ते न विचारता ग्रुपमध्ये घातल्याने. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणजे तुमच्या मावशीचा नंबर तुमच्या सोसायटीतल्या अनोळखी माणसांच्या हाती जातो. बाहेर पडलं की ॲडमिनला, म्हणजे तुम्हालाच, कळतं. म्हणून लोक संकोचाने आत राहतात, वाचत मात्र काहीच नाहीत. त्याऐवजी एकेकाला विचारा: “दिवाळीचा फराळ करतेय, यादी पाठवू का? नको असेल तर मोकळेपणाने सांग.” हो म्हणतील त्यांचीच ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा, खासगी चॅटमध्ये जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात आणि कोणाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही.

इथे एक मेख आहे. ब्रॉडकास्टचा मेसेज तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. धंद्यासाठी नवीन सिम घेतलं की हमखास इथेच अडतं. पाठवलेला मेसेज दाबून धरा, ‘इन्फो’ उघडा. कोणाला पोचला ते तिथे दिसतं. ज्यांचं नाव नाही, त्यांना नंबर सेव्ह करायला सांगा. तोच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवून काही होत नाही.

“किमतीसाठी मेसेज करा” हे ओळखीत तर अजिबात लिहू नका. भाव विचारला की घ्यावंच लागेल, या धास्तीने लोक विचारतच नाहीत. भाजणीची चकली, पाव किलो आणि अर्धा किलोचा दर, ऑर्डरची शेवटची तारीख, घरपोच हवं असल्यास वेगळे पैसे: सगळं एकाच मेसेजमध्ये द्या.

स्टेटस हा सर्वात सभ्य मार्ग. २४ तासांनी तो आपोआप जातो आणि ज्याला हवं तोच बघतो. पण कोणी पाहिलं ती यादी उघडून “पाहिलंस ना, मग ठेवू का दोन डबे?” असं विचारलंत की तीच माणसं पुढच्या वेळी स्टेटसही उघडणार नाहीत. निळ्या टिक पाहून पाठपुरावा करणंही तसंच. यादी पाठवल्यावर एकदाच, शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी आठवण करा.

घरच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर टाकायचंच असेल, तर आधी ॲडमिनला विचारा आणि वर कोणाच्या आजारपणाचा किंवा निधनाचा मेसेज नाही ना, ते बघून घ्या. फेसबुकवर साडीच्या फोटोत मैत्रिणींना टॅग करू नका. त्यांच्या ओळखीच्यांना ती जाहिरात त्यांनीच केल्यासारखी वाटते.

पैशांचं बोलायला ओळखीत सर्वांनाच अवघड जातं, म्हणून ते यादीतच लिहून टाका: निम्मे पैसे ऑर्डर देताना, उरलेले डबा घेताना. सवलत द्यायची तर सगळ्यांना सारखी द्या, कारण दोन बहिणींना वेगळा भाव सांगितलेला संध्याकाळपर्यंत दोघींना कळलेला असतो.