रॉकचा व्हिडिओ आधी मुका करून बघा

गाणं तोंडपाठ असलं तरी पहिल्या खेपेला आवाज बंदच ठेवा. सूर कानात शिरले की डोळे आळशी होतात. सरावाला मी नेहमी निर्व्हाना या रॉक बँडचा 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' देते. साल १९९१, दिग्दर्शक सॅम्युअल बायर.

वहीत आधी ठरलेला मसाला लिहा: वाजवणारा बँड, गिटारवरचे हात, ड्रमवर आपटणारे केस, समोर गर्दी. इथे सगळं आहे. मग बिघडवलंय काय ते शोधा. जागा शाळेच्या जिमची. अमेरिकन शाळांत सामन्याआधी संघाला चेव आणायला मेळावा भरतो, त्याचा हा थाट. पण चिअरलीडर्स काळ्या कपड्यांत, छातीवर वर्तुळातला 'ए', म्हणजे अराजकवाद्यांची खूण. उजेड पिवळट, धुरकट. उत्साहाऐवजी कोंडल्यासारखं वाटतं. आणि बादली-मॉप घेऊन डोलणारा तो सफाई कामगार! माझ्या मते अख्ख्या जिममध्ये तोच खरा मजेत आहे.

आता फक्त गर्दी बघा. सुरुवातीला पोरं बाकांवर मख्ख बसलेली, मग माना हलतात, शेवटी सगळी खाली उतरून सेटची वाट लावतात. गोष्ट गर्दीच सांगते, गायक नाही. गायक कर्ट कोबेनचा चेहरा अगदी जवळून दिसतो तो शेवटाकडे. तोवर बरंचसं केसांआड.

मग आवाज लावा आणि कट, म्हणजे एक दृश्य तुटून दुसरं लागण्याच्या जागा, कुठे पडतात ते टिपा. ड्रमच्या ठोक्यावर पडणारे सोडून द्या, ते सगळेच करतात. ठोका चुकवून पडलेल्या कटांपाशी थांबा.