सेलाफील्डजवळच्या खाजणात नमुने घेताना

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर रेव्हनग्लासच्या खाडीत अर्ट, माइट आणि एस्क या नद्या येऊन मिळतात. काठच्या खाजणात मेंढ्या चरतात आणि उत्तरेला दहाएक किलोमीटरवर सेलाफील्डचा अणुप्रकल्प आहे. त्याचं किरणोत्सारी सांडपाणी १९५०च्या दशकापासून आयरिश समुद्रात जातं. सर्वांत जास्त गेलं ते १९७०च्या दशकाच्या मध्यात. या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी हे पक्कं करावं, की या सांडपाण्यातली प्लुटोनियम आणि अमेरिसियम ही किरणोत्सारी द्रव्यं मुळांतून गवतात फारशी चढत नाहीत. भरतीबरोबर आलेला बारीक गाळ पानांवर बसतो आणि मेंढी तोच खाते.

म्हणून गवत मेंढीच्या तोंडाच्या उंचीवर कापायचं, बुडख्यापासून नाही, आणि अजिबात धुवायचं नाही. शेवटचं उधाण कधी होतं, मध्ये पाऊस किती पडला, हे वहीत हवंच. नाहीतर दोन फेऱ्यांच्या आकड्यांत फरक का पडला ते कळत नाही. गवतातलं टायटॅनियम मोजलं तर त्यावर माती किती आहे याचा अंदाज येतो, कारण वनस्पती ते जवळजवळ शोषतच नाही.

खोलीनुसार थर तपासायला गाळात नळी ठोकताना तो दबतो. नळीच्या आतली आणि बाहेरची पातळी लगेच मोजा. दोन-दोन सेंटिमीटरचे काप काढले की प्रत्येकाची कड खरवडून फेका. वरचा गाळ नळीला चिकटून खाली ओढला जातो आणि खोलीनुसार मात्रा दाखवणाऱ्या आलेखाला खालच्या बाजूला खोटी शेपटी फुटते. गाळ सतत साचत असलेल्या जागी सर्वाधिक मात्रा वर नसून खाली, जुन्या वर्षांच्या थरात सापडते. फक्त वरचे पाच सेंटिमीटर घेऊन जमीन स्वच्छ ठरवू नका. ओहोळाने काठ कापला की तोच थर पुन्हा उघडा पडतो.

सांडपाण्यातल्याच सीझियम-१३७ची ६६१.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेघ गॅमा वर्णपटात (नमुन्यातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या आलेखात) सहज दिसते. अमेरिसियम-२४१ची ५९.५ची रेघ कमी ऊर्जेची, ती मात्र नमुनाच गिळतो. घनतेची दुरुस्ती विसरलात तर आकडा कमी येणार. प्लुटोनियमला रासायनिक विलगीकरण आणि अल्फा मोजणी लागते, त्याला वेळ ठेवा. प्लुटोनियम-२४१चं अर्धआयुष्य सुमारे १४ वर्षं, आणि त्यातून अमेरिसियम-२४१ तयार होतं. त्यामुळे नवं सांडपाणी न येताही जुन्या गाळात अमेरिसियम वाढलेलं दिसू शकतं.

कंब्रियाच्या डोंगरांवरच्या मेंढ्यांवर १९८६ ते २०१२ निर्बंध होते, ते चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर पावसाबरोबर पडलेल्या किरणोत्सारी द्रव्यांमुळे. ते आकडे खाजणाच्या तक्त्यात मिसळू नका.